इसबावरील इंजेक्शनांमधले अंतर किती वाढविता येईल?

कोपराच्या वळणात, गुडघ्यांच्या मागे, मानेवर आणि पापण्यांवर उठणारे लालसर चट्टे, त्यांना सुटणारी असह्य खाज, खाजविल्यावर पाझरणारी लस आणि कालांतराने जाड व काळपट होत जाणारी कातडी, हे अ‍ॅटोपिक डर्मटायटिस या विकाराचे नेहमीचे रूप आहे. मराठीत त्याला इसब म्हणतात. इसब हा शब्द खरे तर त्वचेच्या अनेक प्रकारच्या दाहांना मिळून वापरला जातो, आणि बोलण्यात तर नायटा, गजकर्ण अशा बुरशीच्या संसर्गालाही काही जण इसबच म्हणतात. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो विकार मात्र संसर्गजन्य नाही. त्वचेचे कमकुवत आवरण आणि प्रतिकारशक्तीची चुकीच्या दिशेने झालेली अतिसक्रियता या दोहोंच्या संयोगातून तो उद्भवतो. दमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी असलेल्या घराण्यांत तो अधिक आढळतो. अमेरिकेतील आर्थर कोका व रॉबर्ट कुक यांनी १९२३ मध्ये 'अ‍ॅटोपी' ही संज्ञा मांडली आणि दहा वर्षांनी फ्रेड वाइज व मॅरियन सल्झबर्गर यांनी या त्वचाविकाराला आजचे नाव दिले.

बहुसंख्य रुग्णांचा विकार सौम्य असतो. त्वचेचा ओलावा टिकविणारी मलमे आणि अधूनमधून स्टिरॉइडचे मलम एवढ्यावर तो आटोक्यात राहतो. मध्यम ते तीव्र इसबाची गोष्ट वेगळी. त्यात अंगाचा मोठा भाग व्यापला जातो, खाजेमुळे रात्रीची झोप उडते, मुले अभ्यासात आणि मोठी माणसे कामात मागे पडतात. अशा रुग्णांना पूर्वी सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन यांसारखी संपूर्ण प्रतिकारशक्तीच दडपणारी औषधे द्यावी लागत. त्यांचा गुण येई, परंतु मूत्रपिंड, यकृत आणि रक्तपेशींवर सतत पहारा ठेवावा लागे. सायक्लोस्पोरिन तर दीर्घकाळ देताच येत नाही.

ही परिस्थिती २०१७ मध्ये बदलली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डुपिलुमॅब या इंजेक्शनाला प्रौढांच्या मध्यम ते तीव्र इसबासाठी मान्यता दिली. रीजेनेरॉन व सनोफी या कंपन्यांचे हे औषध म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड आहे. इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ हे दोन संदेशवाहक रेणू इसबाचा दाह चालू ठेवतात. पेशींवरील ज्या ग्राहीवर येऊन हे दोन्ही रेणू आपला निरोप पोहोचवितात, तो ग्राहीच डुपिलुमॅब अडवून धरते. मूत्रपिंड-यकृताची धास्ती नाही आणि संपूर्ण प्रतिकारशक्ती दडपण्याचाही प्रकार नाही. डोळे येणे हा त्याचा सर्वांत परिचित उपद्रव.

अडचण उरली ती वेळापत्रकाची. पहिल्या दिवशी ६०० मिलिग्रॅम आणि नंतर दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी २६ इंजेक्शने. औषध शीतकपाटात २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. प्रवास, परीक्षा, लग्नकार्य, सर्व त्या पंधरवड्याच्या हिशेबात बसवावे लागते. मुलांच्या बाबतीत तर दर खेपेस घरात एक छोटी लढाईच होते. विकार वर्षानुवर्षे चालणारा, म्हणून उपचारही वर्षानुवर्षे. त्यामुळे इंजेक्शनांमधले अंतर वाढविता येईल काय, हा प्रश्न औषध बाजारात येण्यापूर्वीच संशोधकांपुढे उभा होता.

मोजमाप कसे करतात?

या प्रश्नाचे उत्तर ज्या चाचण्यांतून शोधले गेले, त्यांतील आकडे समजून घ्यायचे तर दोन मापे माहीत असणे आवश्यक आहे. पहिले आयजीए या नावाने ओळखले जाते. तपासणारा डॉक्टर त्वचेकडे एकंदर पाहून शून्य ते चार असा अंक देतो. शून्य म्हणजे स्वच्छ त्वचा, एक म्हणजे जवळजवळ स्वच्छ, तीन मध्यम व चार तीव्र. दुसरे माप ईएएसआय. त्यात डोके व मान, हात, धड आणि पाय अशा चार भागांत किती त्वचा व्यापली आहे आणि तिथली लाली, जाडी, ओरखडे व रखरखीतपणा किती आहे, यावरून शून्य ते ७२ असा गुणांक काढला जातो. उपचारापूर्वीचा गुणांक निदान ७५ टक्क्यांनी उतरला, तर त्या रुग्णाला 'ईएएसआय-७५' प्रतिसाद मिळाला असे म्हणतात. गुणांक ४० वरून १० वर येणे म्हणजे हा टप्पा गाठणे. अंगावर काही चट्टे तरीही शिल्लक असतात, हे विसरता कामा नये.

डुपिलुमॅबच्या 'सोलो-१' आणि 'सोलो-२' या दोन मुख्य चाचण्यांत मिळून १,३७९ प्रौढ रुग्ण होते. त्यांचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांनंतर त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झालेल्यांचे प्रमाण 'सोलो-१' मध्ये दर दोन आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांत ३८ टक्के, दर आठवड्याला घेणाऱ्यांत ३७ टक्के आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले हुबेहूब इंजेक्शन घेणाऱ्यांत १० टक्के होते. 'सोलो-२' चे चित्रही असेच होते. दर आठवड्याला सुई टोचून जास्तीचे काहीच पदरात पडत नाही, हा त्यातून निघालेला पहिला धडा. मान्यता पंधरवड्याच्या मात्रेला मिळाली ती यामुळेच.

अंतर ताणून पाहण्याचा पहिला प्रयत्न

पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. आठवड्याचा पंधरवडा करता येतो, तर पंधरवड्याचा महिना का नाही? त्यासाठी 'सोलो-कन्टिन्यू' ही चाचणी झाली. पहिल्या दोन चाचण्यांत ज्यांना चांगला गुण आला अशा ४२२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पुन्हा विभागणी करण्यात आली. काहींनी पूर्वीचाच क्रम चालू ठेवला, काहींना दर चार आठवड्यांनी, काहींना दर आठ आठवड्यांनी औषध मिळाले आणि उरलेल्यांना नुसते प्लासिबो. हे ३६ आठवडे चालले.

अखेरीस ईएएसआय-७५ चा प्रतिसाद टिकून राहिलेल्यांचे प्रमाण असे होते : पूर्वीचा क्रम चालू ठेवणाऱ्यांत ७१.६ टक्के, चार आठवड्यांच्या गटात ५८.३ टक्के, आठ आठवड्यांच्या गटात ५४.९ टक्के आणि औषध थांबविलेल्यांत ३०.४ टक्के. अंतर वाढले तसा गुण ओसरत गेला. पण या चाचणीतील दुसरी आकडेवारी अधिक बोलकी आहे. शरीराने औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार केल्याचे प्रमाण दर आठवड्याच्या गटात १.२ टक्के, पंधरवड्याच्या गटात ४.३ टक्के, चार आठवड्यांच्या गटात ६ टक्के, तर आठ आठवड्यांच्या गटात ११.७ टक्के निघाले. औषध रक्तात सतत पुरेशा प्रमाणात असेल तर शरीर त्याला एक प्रकारे सरावते. ते मधूनमधून नाहीसे होऊन पुन्हा प्रकटले की प्रतिकारशक्ती त्याला परका पाहुणा समजू लागते. अशी प्रतिपिंडे प्रत्येकात उपद्रव करतात असे नाही, परंतु काहींत औषधाचा गुण त्यामुळे बोथट होऊ शकतो.

डुपिलुमॅबच्या बाबतीत हे घडण्यामागे एक खास कारण आहे. त्याचे लक्ष्य पेशींच्या पृष्ठभागावर असते. ग्राहीला चिकटलेले औषध पेशी ग्राहीसह गिळून टाकते. रक्तात औषध भरपूर असते तेव्हा या गिळण्याचा फारसा परिणाम जाणवत नाही, पण पातळी घसरली की उरलेले औषध झपाट्याने संपते. गळक्या पिंपात पाणी कमी उरले की गळती मंदावते. येथे उलटे होते, तळाशी आल्यावरच गळती जोर धरते. पंधरवड्याच्या नियमित क्रमावरील रुग्णाने शेवटचे इंजेक्शन घेतल्यानंतर साधारण अडीच महिन्यांत औषध रक्तात सापडेनासे होते.

यावरून अंतर वाढविणे अशक्यच आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरले असते. नेदरलँड्समध्ये 'बायोडे' नावाच्या नोंदवहीत प्रत्यक्ष व्यवहारातील रुग्णांची माहिती गोळा केली जाते. तेथील त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळा मार्ग धरला. किमान वर्षभर डुपिलुमॅब घेतलेल्या आणि निदान सहा महिने विकार शांत राहिलेल्या रुग्णांचेच अंतर त्यांनी पायरीपायरीने वाढविले. बहुतेकांचा विकार त्यानंतरही आटोक्यात राहिला आणि औषधाच्या खर्चात मोठी बचत झाली. 'सोलो-कन्टिन्यू' मध्ये सोळा आठवड्यांनंतरच, आणि तेही एकदम, अंतर वाढविले गेले होते. नेदरलँड्समधील नोंदी या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीच्या तोलाच्या नाहीत, हे खरे. तरीही अंतर किती वाढविले याइतकेच ते केव्हा वाढविले यालाही महत्त्व आहे, ही गोष्ट त्यांतून पुढे आली.

केवळ इंटरल्युकिन-१३

डुपिलुमॅबनंतर आलेल्या दोन औषधांनी ग्राहीऐवजी थेट इंटरल्युकिन-१३ या रेणूलाच पकडले. हा रेणू मोकळा फिरतो आणि त्याचे प्रमाणही अत्यल्प असते. त्यामुळे पेशींनी औषध गिळून टाकण्याचा प्रश्न येथे जवळजवळ उद्भवत नाही, आणि औषध रक्तातून एका संथ, ठराविक गतीने कमी होत जाते. इंजेक्शनांतील अंतर वाढविण्यासाठी ही जागा अधिक सोयीची.

लिओ फार्मा कंपनीच्या ट्रॅलोकिनुमॅबला २०२१ मध्ये युरोपात आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचे वेळापत्रकही पंधरवड्याचेच आहे, मात्र सोळा आठवड्यांत त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाली असेल आणि वजन १०० किलोपेक्षा कमी असेल, तर दर चार आठवड्यांच्या क्रमाचा विचार करण्यास अमेरिकेत मुभा आहे. वजनाची ही अट सहज वाचून पुढे जावे अशी नाही. देहाचे आकारमान मोठे असले की तेवढेच औषध विरळ होते, आणि अंतर वाढविताना ही उणीव अधिक भासते.

ट्रॅलोकिनुमॅबच्या 'एक्झट्रा-१' चाचणीत एक चमत्कारिक निष्कर्ष आला. वर्षअखेर त्वचा स्वच्छ राहिलेल्यांचे प्रमाण पंधरवड्याच्या गटात ५१.३ टक्के, चार आठवड्यांच्या गटात ३८.९ टक्के आणि प्लासिबोच्या गटात चक्क ४७.४ टक्के! औषध बंद केलेले रुग्ण औषध कमी केलेल्यांपेक्षा बरे कसे? तशीच आखणी असलेल्या 'एक्झट्रा-२' मध्ये हे आकडे अनुक्रमे ५९.३, ४४.९ आणि २५ टक्के असे अपेक्षित क्रमाने आले. चिठ्ठ्या टाकून पुन्हा वाटणी केलेले गट लहान असले की असे खेळ होतात. एकाच चाचणीच्या एकाच आकड्यावर विसंबू नये, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

इंटरल्युकिन-१३ वरीलच लेब्रिकिझुमॅब हे एली लिलीचे औषध युरोपात २०२३ मध्ये आणि अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झाले. 'अ‍ॅडव्होकेट-१' आणि 'अ‍ॅडव्होकेट-२' या त्याच्या मुख्य चाचण्या. सोळा आठवड्यांनी ईएएसआय-७५ गाठणाऱ्यांचे प्रमाण पहिलीत ५८.८ टक्के आणि दुसरीत ५२.१ टक्के होते, प्लासिबोत अनुक्रमे १६.२ व १८.१ टक्के. त्यानंतर गुण आलेल्यांची पुन्हा वाटणी झाली. ५२ आठवड्यांअखेर त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ राखणाऱ्यांचे प्रमाण पंधरवड्याच्या गटात ७१.२ टक्के आणि चार आठवड्यांच्या गटात ७६.९ टक्के निघाले. दोहोंतील फरक नगण्य. येथे महिन्याचे अंतर पंधरवड्याच्या अंतराला उणे पडले नाही, आणि म्हणून सोळा आठवड्यांनंतर महिन्यातून एकदा हाच या औषधाचा मान्य क्रम ठरला. पुढे २०२५ मध्ये कंपनीने आठ आठवड्यांच्या अंतराचेही निष्कर्ष जाहीर केले आणि ते महिन्याच्या क्रमाशी मिळतेजुळते असल्याचे सांगितले.

याच चाचण्यांतील आणखी एक आकडा विचार करायला लावणारा आहे. ज्यांचे औषध पूर्ण थांबविले, त्यांच्यातही ४७.९ टक्के रुग्णांची त्वचा वर्षअखेर स्वच्छ होती. म्हणजे एकदा दाह पुरता शमला की काही रुग्णांत तो कित्येक महिने परतत नाही. मात्र उरलेल्यांत तो परततो, आणि कोणत्या रुग्णात काय होईल हे आधी सांगणारी तपासणी नाही. अंतर वाढविण्याच्या सर्व प्रयत्नांची खरी अडचण हीच आहे.

खाजेचा निरोप

गाल्डर्मा कंपनीच्या नेमोलिझुमॅबची वाट निराळी आहे. इंटरल्युकिन-३१ हा रेणू खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत पोहोचवितो. त्याचा ग्राही हे औषध अडविते. जपानने २०२२ मध्ये इसबातील खाजेसाठी ते मान्य केले, तर अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी, लावायच्या मलमांच्या जोडीने, त्याला परवानगी मिळाली. आरंभीच त्याचा क्रम दर चार आठवड्यांचा आहे. सोळा आठवड्यांनंतर त्वचा स्वच्छ वा जवळजवळ स्वच्छ झाली, तर दर आठ आठवड्यांनी एक इंजेक्शन पुरते. 'आर्केडिया' चाचण्यांत ४८ आठवड्यांअखेर चार व आठ आठवड्यांच्या दोन्ही गटांत सुमारे ६० टक्क्यांची त्वचा स्वच्छ राहिली होती, तर औषध थांबविलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. दोन अंतरांमध्ये फरक नाही हे समाधानकारक आहे. पण औषध थांबविल्यावरही निम्म्यांचे बरे चालते, हे पाहता फरक न दिसण्याचे श्रेय किती औषधाचे आणि किती विकाराच्या स्वतःच्या चढउतारांचे, हा प्रश्न उरतोच.

प्रतिपिंडाचे आयुष्य वाढविणे

आतापर्यंतचे प्रयत्न आहे त्या औषधाचे अंतर ताणून पाहण्याचे होते. अलीकडची दिशा औषधच अधिक दीर्घजीवी बनविण्याची आहे. तिचे मूळ त्वचारोगशास्त्रात नाही. वेल्समधील बँगोर येथील प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस ब्रॅम्बेल यांनी १९६० च्या दशकात असे अनुमान बांधले की, शरीरातील प्रतिपिंडांना लवकर नष्ट होण्यापासून वाचविणारा एखादा ग्राही असला पाहिजे. पुढे तो सापडला. पेशी रक्तातील प्रथिने आत ओढून घेतात व त्यांतील बहुतेक मोडून टाकतात. मात्र पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीत हा ग्राही प्रतिपिंडाला धरतो, पुन्हा पृष्ठभागावर आणतो आणि रक्तात सोडून देतो. मानवी प्रतिपिंडाचे अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास असते ते या व्यवस्थेमुळेच.

अमेरिकेतील मेडइम्यून कंपनीच्या संशोधकांनी या शतकाच्या आरंभी प्रतिपिंडाच्या शेपटीकडील तीन अमिनो आम्ले बदलून पाहिली. त्यामुळे आम्लधर्मी स्थितीत ग्राहीची पकड सुमारे दहापट घट्ट झाली, आणि रक्तात परतल्यावर ती पूर्वीप्रमाणेच सुटू लागली. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची, कारण पकड सुटलीच नाही तर सारा खटाटोप व्यर्थ. या युक्तीचा उपयोग तान्ह्या मुलांना आरएसव्ही या श्वसनविषाणूपासून वाचविणाऱ्या निरसेव्हिमॅब या औषधात झाला. युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालेल्या या औषधाचे एक इंजेक्शन बाळाला त्या आजाराच्या संपूर्ण हंगामात पुरते.

अपोजी थेरप्युटिक्स या अमेरिकन कंपनीने हीच युक्ती इंटरल्युकिन-१३ विरोधी प्रतिपिंडात योजली. 'एपीजी-७७७' या सांकेतिक नावाच्या या औषधाचे अर्धायुष्य निरोगी स्वयंसेवकांत सुमारे ७५ दिवस आढळले. लेब्रिकिझुमॅबचे अर्धायुष्य साधारण साडेचोवीस दिवस. म्हणजे तिपटीहून अधिक.

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने लावता येतो. अर्धायुष्याइतका काळ लोटला की औषध निम्मे उरते, पुन्हा तेवढा काळ गेला की पाव. साडेचोवीस दिवसांच्या हिशेबाने आठ आठवड्यांनी सुमारे एकपंचमांश औषध शिल्लक राहते. ७५ दिवसांच्या हिशेबाने तोच एकपंचमांश उरायला सहा महिने लागतात. लेब्रिकिझुमॅबला आठ आठवड्यांचे अंतर झेपत असेल, तर नव्या औषधाला सहा महिन्यांचे झेपावे, असा हा तर्क आहे. अर्थात मात्रा किती आणि रेणूवरील पकड किती घट्ट, यांवरही बरेच अवलंबून असते, त्यामुळे हा हिशेब दिशा दाखविण्यापुरताच घ्यावा.

'एपेक्स' या चाचणीच्या पहिल्या भागात १२३ रुग्ण होते. त्यांतील दोन-तृतीयांशांना औषध आणि एक-तृतीयांशांना प्लासिबो मिळाले. आरंभी ७२० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढेच, मग चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात ३६० मिलिग्रॅम. सोळा आठवड्यांत औषधाचे दिवस केवळ चार. कंपनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार ईएएसआय-७५ गाठणाऱ्यांचे प्रमाण औषधाच्या गटात ६६.९ टक्के आणि प्लासिबोच्या गटात २४.६ टक्के होते. त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झालेले ३४.९ टक्के, प्लासिबोत १७.३ टक्के.

हे आकडे लेब्रिकिझुमॅब किंवा डुपिलुमॅबच्या आकड्यांशेजारी मांडून तुलना करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. प्रत्येक चाचणीतील रुग्ण, त्यांच्या विकाराची तीव्रता, सोबत चालणारी मलमे आणि प्लासिबोचा प्रतिसाद निरनिराळे असतात. येथे प्लासिबोनेच पाव रुग्णांना हा टप्पा गाठून दिला आहे, आणि १२३ ही संख्याही लहान आहे. शिवाय पहिले सोळा आठवडे ही पूर्वतयारी म्हणावी अशी आहे. ज्यांना गुण आला त्यांना पुढे दर तीन महिन्यांनी किंवा दर सहा महिन्यांनी एकदा औषध देऊन ५२ आठवड्यांपर्यंत पाहावयाचे, अशी चाचणीची आखणी आहे. वर्षाला २६ इंजेक्शनांच्या जागी चार किंवा दोन, या दाव्याची परीक्षा त्या दुसऱ्या टप्प्यात आहे.

स्मृतीवरच घाव

दीर्घ अंतराकडे जाणारी आणखी एक वाट आहे. दाह चेतविणाऱ्या टी-पेशी टिकून राहतात आणि विकाराची जणू आठवण ठेवतात, म्हणून इसब पुन्हा त्याच जागी उठते. या पेशींना तग धरण्यास मदत करणारा 'ऑक्स-४०' नावाचा दुवा आहे. त्याच्या जोडीदार रेणूला अडविणारे अम्लिटेलिमॅब हे औषध सनोफीकडे ब्रिटनमधील कायमॅब ही कंपनी २०२१ मध्ये विकत घेतल्यावर आले. येथे औषध रक्तात किती दिवस राहते यापेक्षा ते गेल्यावरही पेशी किती दिवस शांत राहतात, यावर भिस्त आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या 'कोस्ट-१' या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. पहिल्यापासूनच काही रुग्णांना दर चार आठवड्यांनी आणि काहींना दर बारा आठवड्यांनी औषध दिले होते. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांनी ठरविलेले उद्दिष्ट गाठले आणि दोहोंत लक्षणीय अंतर दिसले नाही. तीन महिन्यांतून एकदा दिलेले औषध महिन्याच्या औषधाइतकेच लागू पडले, ही मोठीच गोष्ट. पण गुणाचे एकूण प्रमाण अनेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी होते आणि त्याच दिवशी सनोफीचा समभाग घसरला. सुया कमी, पण गुणही थोडा कमी, हा सौदा कोणाला परवडेल, हे शेवटी रुग्ण आणि त्याचा डॉक्टर यांनीच ठरवावे लागेल. ज्याची त्वचा पंधरवड्याच्या इंजेक्शनाने पूर्ण स्वच्छ झाली आहे, तो कदाचित नकोच म्हणेल. कामानिमित्त महिनोन्महिने घराबाहेर असणाऱ्याचे उत्तर निराळे असू शकेल.

लांब मुक्कामाची दुसरी बाजू

शरीरात महिनोन्महिने राहणारे औषध हे वरदान वाटते, पण ते काढून घेता येत नाही. डोळ्यांचा दाह झाला, एखादा संसर्ग उद्भवला, गर्भधारणा झाली, तर पंधरवड्याचे इंजेक्शन पुढचा डोस न घेऊन थांबविता येते. ७५ दिवसांचे अर्धायुष्य असलेल्या औषधाचा बराचसा भाग नाहीसा होण्यास वर्षाच्या आसपास काळ जातो. इंटरल्युकिन-१३ वरील औषधांचे उपद्रव आतापर्यंत सौम्य आढळले आहेत, ही जमेची बाजू. तरीही दीर्घ अर्धायुष्याच्या औषधांवर अधिक काळ लक्ष ठेवणे क्रमप्राप्त आहे. अपाडासिटिनिब आणि अब्रोसिटिनिब या गोळ्या २०२२ मध्ये अमेरिकेत इसबासाठी मान्य झाल्या. त्यांना सुई लागत नाही आणि खाज काही दिवसांतच उतरते. परंतु गंभीर संसर्ग, हृदयविकार, रक्तात गुठळ्या होणे व कर्करोग यांविषयीचा ठळक इशारा त्यांच्यावर छापलेला असतो. सुईचा पिच्छा सोडविणे एवढ्यापुरते पाहिले तर गोळी केव्हाच जिंकली असती. इंजेक्शनांचा शोध चालू राहिला तो सुरक्षिततेच्या कारणाने.

खर्चाविषयीही एक गैरसमज संभवतो. इंजेक्शनांची संख्या निम्मी झाली म्हणजे वर्षाचा खर्च निम्मा होईलच असे नाही, कारण नव्या औषधाची किंमत कंपन्या वर्षभराच्या उपचाराच्या हिशेबाने ठरवू शकतात. खर्च खरोखर उतरतो तो आहे तेच औषध कमी वेळा दिल्यावर, जसे नेदरलँड्समध्ये झाले. भारतात, जेथे ही औषधे बहुतांश रुग्णांना स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

नेमक्या याच कारणाने एक सवय घातक ठरू शकते. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत, किंवा 'आता बरे वाटते आहे' म्हणून, पुढचे इंजेक्शन आपल्याच मनाने महिना-दोन महिने लांबविण्याची ही सवय. वरवर पाहता चाचण्यांत केले गेले तेच हे, असे वाटेल. तसे ते नाही. चाचण्यांत अंतर ठराविक होते, ते वाढविण्यापूर्वी त्वचा स्वच्छ असल्याची खातरजमा झालेली होती आणि विकार उलटताच मदतीचे औषध हाताशी होते. कधी पंधरा दिवस, कधी दोन महिने अशा अनियमित क्रमात औषधाची पातळी वरखाली होत राहते, आणि औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा जो धोका 'सोलो-कन्टिन्यू' ने दाखविला, त्याला अशी स्थिती अनुकूल असते. अंतर वाढवावयाचेच असेल तर कोणते औषध आहे, विकार किती महिने शांत आहे आणि रुग्णाचे वजन किती, हे पाहून त्वचारोगतज्ज्ञाने ते पायरीपायरीने वाढवावे. डुपिलुमॅबसाठी जे अंतर घाईचे, ते लेब्रिकिझुमॅबसाठी मान्य क्रमाचे असू शकते.